किडींतील मिरासदार व उपरी

पेशवाईच्या काळीं व त्याच्याही आधीं आपल्या देशावरील गांवांत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. एक मिरासदार व दुसरा उपरी. मिरासदार हा पिढ्यान् पिढ्या एकाच जमिनीशीं बांधलेला. दुष्काळ पडला किंवा साऱ्याचा बोजा वाढला तरी तो आपलें ठिकाण सहसा सोडीत नसे, व सोडलेंच तर मागाहून परत येऊन आपला हक्क सांगे. उपरी हा आज ह्या गांवीं तर उद्यां त्या. जेथें सवलतीचा कौल मिळेल तेथें नांगर धरणारा. इंग्रजी अमलांत रयतवारीची पाहणी झाली आणि हा भेद हळूहळू मावळला. जुन्या दप्तरांत मात्र हे शब्द अजून भेटतात. महसूल खात्याच्या कारकुनींत असे कागद हाताखालून गेले म्हणून असेल, परंतु शेतांतील किडींविषयीं वाचतांना व पाहतांना मला हेच दोन शब्द वारंवार आठवतात. किडींतही मिरासदार व उपरी असे दोन वर्ग आहेत. कोणती कीड कोणत्या वर्गांतील हें ज्यास कळलें, त्यास ती कोठून येते, केव्हां येते, आणि एखाद्या वर्षीं औषधाला दाद कां देत नाहीं, ह्यांपैकीं निम्म्या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यासारखीं आहेत. आपण मात्र दुकानांत जाऊन प्रथम विचारतों तें एवढेंच कीं, "ह्याच्यावर कोणतें औषध आहे?"

शास्त्रज्ञांनीं आजवर नांव देऊन नोंदलेल्या कीटकांच्या जाती सुमारें दहा लाख आहेत, व त्यांपैकीं निम्म्याच्या जवळपास वनस्पतींवर उपजीविका करतात. इतक्या निरनिराळ्या जाती झाल्या कशा? प्रत्येक किडा प्रत्येक झाड खाऊं शकता, तर थोड्याशा जातींवरही सृष्टीचें काम भागलें असतें. वस्तुस्थिति उलट आहे. वनस्पतींवर जगणारे बहुतेक किडे एकाच झाडावर, किंवा फार तर एकाच कुळांतील झाडांवर, आपला संसार करतात. म्हणजे मिरासदारच अधिक, उपरी थोडे. आपल्या तोंडीं ज्या दहापांच किडींचीं नांवें सदैव असतात त्यांत उपऱ्यांचा भरणा मोठा आहे, म्हणून आपली समजूत उलटी झाली आहे इतकेंच.

ही मिरासदारी पडते कशी, तें आपल्या माळावरील रुईपाशीं उभें राहून पाहावें. झाड हें मुकें असलें तरी निराधार नसतें. त्यास पळून जातां येत नाहीं, म्हणून तें अंगांत विष, चीक, तुरटपणा, उग्र वास, लव, कांटे अशीं हत्यारें बाळगतें. रुईच्या चिकांत हृदयाची क्रिया बिघडविणारें विष आहे. गुरें तिला तोंड लावीत नाहींत. तरी त्याच रुईवर पिवळ्या व निळसर पट्ट्यांचा मोठा टोळ बसलेला असतो, कोंवळ्या शेंड्यांस पिवळा मावा लागलेला असतो, आणि पानाआड नारिंगी फुलपाखराची पट्टेदार अळी चरत असते. ह्या तिघांनीं रुईच्या कुलुपाची किल्ली मिळविली आहे. इतकेंच नव्हे, तर तें विष आपल्या शरीरांत सांठवून ते पांखरांपासून आपला बचावही करून घेतात. त्यांचे रंग इतके भडक असतात ते उगाच नव्हे. खाणाऱ्यास दिलेली ती जाहीर नोटीसच होय. परंतु एका कुलुपाची किल्ली घडविण्यांत ज्याचें बळ खर्च झालें, त्याची किल्ली दुसऱ्या कुलुपास बहुधा लागत नाहीं. झाडानें नवें हत्यार काढावें, पुष्कळ किडे मागें पडावे, एखाद्या वंशानें तोडगा शोधावा आणि त्या मोकळ्या रानांत पसरून त्याच्या अनेक जाती व्हाव्या, असा हा लाखों वर्षांचा झगडा आहे. अमेरिकेंतील अर्लिक व रेव्हन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं सन १९६४ मध्यें फुलपाखरें व त्यांच्या अळ्यांचीं झाडें ह्यांचा मेळ घालून हा विचार मांडला, व तेव्हांपासून ह्या विषयाच्या अभ्यासास मोठी गति मिळाली.

ह्या मिरासदारीची परमावधि उंबरांत पाहावयास मिळते. उंबराचें फूल कोणास दिसत नाहीं असें आपण म्हणतों. खरें पाहतां उंबर हेंच फुलांचें घर आहे. फुलें आंतल्या बाजूस असतात आणि त्या घरास तोंडाशीं एकच अरुंद दार असतें. गांधीलमाशीच्या घराण्यांतील, परंतु चिलटाएवढी, एक मादी त्या दारानें आंत शिरते. शिरतांना तिचे पंख बहुधा तुटतात. दुसऱ्या झाडावरून आणलेला पराग ती आंतील फुलांवर पसरते, कांहीं फुलांत अंडीं घालते आणि तेथेंच मरते. पुढील पिढीचे नर बिनपंखी निपजतात. माद्यांशीं संग करावा व त्यांस बाहेर पडण्यास वाट कोरावी, एवढेंच त्यांचें आयुष्य. माद्या पराग घेऊन नव्या उंबरांच्या शोधांत उडतात. उंबर फोडतांच जे बारीक किडे भुर्रकन् उडतात त्यांत ह्या माद्या असतात. वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी, उंबराची निराळी. ह्या वर्गांतील झाडांच्या जगांत साडेसातशें जाती मानल्या आहेत व बहुतेकांस आपापली माशी आहे. कोठें एका झाडास दोन माश्या, कोठें दोन झाडांत एक, असे अपवादही सांपडले आहेत. परंतु झाडांचे वंश जसे फुटत गेले तसे माश्यांचेही फुटत गेले, हें स्थूलमानानें खरें आहे.

उंबराच्या माशीनें कोणाचें नुकसान होत नाहीं, म्हणून तिच्याकडे कोणाचें लक्ष नाहीं. बोरीच्या बागाइतदाराची गोष्ट वेगळी आहे. थोड्या पाण्यावर व हलक्या जमिनींत येणारें फळ म्हणून सोलापूर जिल्ह्यांत बोरीच्या बागा झाल्या. उमराण, कडाका हीं नांवें येथें पोरासोरांसही ठाऊक आहेत. ह्या बोरांत जी अळी निघते ती बोरावरील फळमाशीची. ही माशी अस्सल मिरासदार होय. बोर व तिच्या जवळच्या रानटी जाती सोडून ती दुसऱ्या फळांत संसार करीत नाहीं. फळ कोंवळें असतांना मादी सालीस भोंसकून आंत अंडें घालते. अळी गर खात वाढते, बियेभोंवतीं घाण सांठते, फळ वेडेंवांकडें होऊन अनेकदां गळून पडतें. पूर्ण वाढलेली अळी फळांतून निघून मातींत शिरते व तेथें कोश करते. म्हणजे बोरांचा हंगाम संपल्यावर ही माशी कोठें असते ह्याचा शोध करण्यास लांब जाणें नको. ती झाडाखालच्या मातींत असते.

आतां आंब्यावरील फळमाशी पाहा. नांव आंब्याचें, परंतु ती पेरू, चिकू व इतर पुष्कळ फळांत तितक्याच सुखानें वाढते. एका बागेंतून ती हुसकली तर शेजारच्या बागेंत तिला दुसरें घर तयारच असतें. काकडी, दोडका, कारलें ह्या वेलांवरील फळमाशी ह्या दोहींच्या मधली. तिचें गांव मोठें, पण मुख्यतः वेलांचें. सापळा लावतांनाही हा भेद आड येतो. मिथिल युजेनॉलच्या वासावर आंब्यावरील माशीचे नर धांवून येतात. वेलांवरील माशीचे नर त्यास भुलत नाहींत, त्यांस क्यू-ल्यूर नांवाचें निराळें आमिष लागतें. बाजारांत दोन्ही सापळे सारख्याच डब्यांत मिळतात व घेणारा पुष्कळदां रंग पाहून घेतो!

येथें कोणी विचारील कीं, एका जातीच्या दोन जाती होतांना प्रत्यक्ष कोणीं पाहिल्या आहेत काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या बोरमाशीच्या चुलत घराण्यांतच मिळतें. उत्तर अमेरिकेंत हॉथॉर्न नांवाचें एक कांटेरी रानझाड आहे. त्यास लहान तांबडीं फळें येतात व त्या फळांत एक फळमाशी वाढते. सफरचंद हें अमेरिकेचें मूळचें फळ नव्हे. तें युरोपांतील वसाहतवाल्यांनीं आपल्याबरोबर नेलें. पुढें दोनशें वर्षें सफरचंदास ह्या माशीचा उपद्रव नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हडसन नदीच्या खोऱ्यांतील बागाइतदारांच्या सफरचंदांत अळ्या दिसूं लागल्या. बेंजामिन वॉल्श ह्या कीटकशास्त्रज्ञानें सन १८६० नंतरच्या दशकांत सांगितलें कीं, ही माशी हॉथॉर्नवरून सफरचंदावर आली असून अशा स्थलांतरानेंच नव्या जाती निर्माण होत असाव्या. त्या वेळीं हें अनुमान होतें. सन १९६० नंतर त्याची कसून तपासणी झाली, व माशी अनुमानाप्रमाणेंच वागत असल्याचें आढळलें.

ह्यांतील युक्ति समजून घेण्यासारखी आहे, कारण सर्व विषयाचा गाभा येथेंच आहे. ही माशी फळावरच जोडीदार शोधते. ज्या माशीस सफरचंदाचा वास आवडला ती सफरचंदावर गेली, व तेथें तिला जोडीदार मिळाला तोही सफरचंदाच्या आवडीचाच. लग्नाचा मांडव निराळा झाला कीं सोयरिका निराळ्या होतात. दुसरी गोष्ट वेळेची. सफरचंद हॉथॉर्नच्या आधीं तीन-चार आठवडे पिकतें, आणि प्रौढ माशीचें आयुष्य एखाद्या महिन्याचें. सफरचंदावर वाढलेल्या माश्या आधीं कोशाबाहेर येतात, हॉथॉर्नच्या मागाहून. बऱ्याच जणींची गांठच पडत नाहीं. मध्यें डोंगर नाहीं, नदी नाहीं, एकाच बांधावर दोन्ही झाडें आहेत, तरी वंश दोन होत चालले आहेत. अद्याप फारकत पूर्ण झालेली नाहीं. दर पिढीस शेंकडा चार ते सहा इतकी सरमिसळ चालूच असल्याचा हिशेब आहे. परंतु प्रकार एवढ्यावर थांबला नाहीं. ह्या माशीच्या अळींत आपलें अंडें घालणारी जी परोपजीवी गांधीलमाशी आहे, तिच्यांतही सफरचंदाच्या वासाची व हॉथॉर्नच्या वासाची असे दोन पक्ष पडत असल्याचें सन २००९ मध्यें प्रसिद्ध झालें. एक नवें झाड लावलें, त्यावर एक माशी फुटली, माशीमागून तिची वैरीण फुटली. कीटकांच्या जाती लाखांनीं कां मोजाव्या लागतात, तें ह्यावरून ध्यानांत येईल.

असा मासला आपल्या देशांतही आहे, व तो शेंकडों वर्षें लाख काढणाऱ्यांस ठाऊक आहे. लाखेच्या किड्याचे दोन वाण आहेत, रंगीनी व कुसुमी. रंगीनी हा पळस व बोर ह्यांवरचा. कुसुमी हा मुख्यतः कोशिंबावरचा, ज्यास तिकडे कुसुम म्हणतात. गोंदियाच्या बाजूस व त्यापलीकडे झारखंडांत हे वाण लोक नीट ओळखून ठेवतात. दोहोंस वर्षाला दोन पिकें. परंतु कुसुमीचीं दोन्ही पिकें सुमारें सहा-सहा महिन्यांचीं, तर रंगीनीचें पावसाळी पीक चार महिन्यांचें व दुसरें आठ महिन्यांचें. म्हणजे झाड निराळें, तसें पंचांगही निराळें. शास्त्रज्ञ ह्या दोहोंस अद्याप एकाच जातीचे दोन वाण मानतात, व कुसुमी वाण बोरीवरही कांहीं काळ वाढवितात. तेव्हां येथील फारकतही अर्धीच आहे. एका बाबतींत मात्र लाखवाले आपल्यापेक्षां शहाणे. बियाणें घेतांना ते किडा कोणत्या झाडावरचा हें आधीं विचारतात.

उपऱ्यांतही अशी फूट पडूं लागते, हें अमेरिकन लष्करी अळीवरून दिसतें. सन २०१८ मध्यें ती कर्नाटकांत प्रथम आढळली व त्याच वर्षीं आपल्या जिल्ह्यांतील मक्यावर येऊन पोहोंचली. मका, ज्वारी, ऊस असें जें मिळेल तें ती खाते. परंतु तिच्या मायदेशीं तिचेही दोन वंश आहेत, एक मक्याकडे ओढा असलेला व दुसरा भात आणि गवत ह्यांकडे. पतंग दिसण्यांत हुबेहूब सारखे; रात्रीं जोडीदार शोधण्याची वेळ मात्र एकाची आधींची, दुसऱ्याची नंतरची.

झाड व किडा ह्यांचें नातें नीट न ओळखल्यानें कसा घोटाळा होतो ह्याची एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. कंपनी सरकारला किरमिजी रंगाचा व्यापार हवा होता. हा रंग मेक्सिकोंतील निवडुंगावरच्या एका किड्यापासून निघे. सन १७९५ मध्यें ब्राझीलहून निवडुंगाचे किडे कलकत्त्यास आणले गेले. परंतु ते रंगाचे खरे किडे नव्हते, त्यांच्या भाऊबंदांतील दुसरेच होते. रंग निकृष्ट निघाला व व्यापार बसला. त्या किड्यानें एका जातीचा निवडुंग मात्र ठिकठिकाणीं फस्त केला. आतां सर्वच निवडुंग नाहींसा होईल अशी आशा होती, परंतु त्याच्या शेजारींच माजलेल्या दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगास त्यानें तोंडही लावलें नाहीं. त्यावर चालणारा तिसरा भाऊबंद सन १९२६ मध्यें लंकेंतून आणावा लागला, आणि मग थोड्याच वर्षांत दक्षिण हिंदुस्थानांतील हजारों एकर जमीन त्या निवडुंगाखालून मोकळी झाली. तिन्ही किडे आपल्या डोळ्यांस सारखेच पांढऱ्या कापसाचे ठिपके दिसतील. झाडें मात्र ते चुकत नाहींत.

दुसरी गोष्ट आपल्या आठवणींतील आहे व तिच्यांत सोलापूरच्या सूर्यफुलवाल्यांचें हित गुंतलेलें होतें. गाजरगवत आपल्याकडे पुण्यास सन १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नजरेस आलें, आणि पुढें त्यानें पडीक, बांध, रस्ते कांहींएक सोडलें नाहीं. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोंतील एक भुंगा सन १९८३ मध्यें बंगळूर येथें आणण्यांत आला. तो आपल्या पिकांस खात नाहीं अशी बंदिस्त जागेंत खात्री करून घेऊन सन १९८४ मध्यें त्यास बाहेर सोडलें. भुंग्यानें गवताचा चांगला समाचार घेतला. परंतु सन १९९० नंतर कर्नाटकांत तो सूर्यफुलाचीं पानें खातांना दिसला आणि शेतकऱ्यांत मोठी घबराट उडाली. घबराट वाजवी होती. सूर्यफूल व गाजरगवत हीं एकाच कुळांतील, आणि करडईही त्याच कुळांतील. भुंगा मिरास सोडून उपरी झाला असता तर कोरडवाहू शेतकऱ्याचीं तेलबियांचीं दोन्ही पिकें धोक्यांत आलीं असतीं. सरकारनें चौकशी समिति नेमली.

शोधाअंतीं जें निघालें तें मोठें मौजेचें आहे. सूर्यफुलाच्या शेताभोंवतीं गाजरगवत फुललेलें होतें. त्याचा पराग वाऱ्यानें उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसला होता. भुंग्यास त्या परागाचा वास व चव लागली, आणि तो ज्या पानावर पराग पडला होता तें पान कुरतडूं लागला. सन १९९३ मध्यें हा प्रयोग प्रसिद्ध झाला. सूर्यफुलावर त्या भुंग्याची पिढी नीट चालत नाहीं हेंही दिसून आलें. म्हणजे त्यानें आपलें झाड सोडलें नव्हतें. आपल्या झाडाची धूळ दुसऱ्याच्या पानावर पाहून तो फसला होता. किडा डोळ्यांनीं झाड ओळखीत नाहीं, नाकानें व जिभेनें ओळखतो, हें ह्याहून स्पष्ट कोणत्या प्रयोगानें दिसावें? सूर्यफुलास त्रास झाला त्याचें मूळही बांधावरच्या गाजरगवतांतच होतें, भुंग्यांत नव्हे. हा भुंगा आज देशांत दूरवर पसरला आहे. कोरड्या दिवसांत तो जमिनींत दडून बसतो व पहिल्या पावसांबरोबर वर येतो.

ज्वारीच्या खोडमाशीचें प्रकरण आपल्या घरचेंच आहे. ह्या माशीच्या घराण्याची विभागणी एखाद्या वांटपपत्राप्रमाणें झाली आहे. ज्वारीवरची मुख्य माशी निराळी, बाजरीवरची निराळी, भातावरची निराळी, वरईवरचीही निराळी. ज्वारीवरची मादी कोंवळ्या रोपाच्या पानाखालीं एकेक पांढरें अंडें घालते. अळी पहाटेच्या ओलाव्याबरोबर पानावरून खालीं सरकत पोंग्याच्या मुळाशीं जाते आणि तेथें कोंब कापते. मग पोंगा सुकून ओढतांच हातांत येतो. रोप महिन्याभराचें झालें म्हणजे तें बहुधा सुटलें. तेव्हां सर्व खेळ पहिल्या चार आठवड्यांचा आहे. आपल्या जुन्या रब्बी ज्वाऱ्यांनीं ह्यावर उपाय करून ठेवला होता. मोहोळ येथें निवडलेल्या मालदांडी ३५-१ चीं कोंवळीं रोपें तुकतुकीत असतात. अशा तुकतुकीत पानावर ओलावा कमी धरतो, पानाखालीं बारीक लव असली तर अंडें घालणें व अळीनें सरकणें दोन्ही कठीण होतें. मालदांडीस खोडमाशी लागत नाहीं असें नव्हे. परंतु ती पुष्कळ सोसते. सन १९६४ मध्यें सी. एस. एच. १ ही पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न भरघोस, मुदत थोडी. परंतु तिच्या घडणींत परदेशी रक्त होतें व तें ह्या माशीशीं झुंजलेलें नव्हतें. त्यानंतरच्या वर्षांत खोडमाशीचा बोभाटा वाढला. संकरित ज्वारीस दोष देण्याचा माझा हेतु नाहीं, तिनें पुष्कळांचीं पोटें भरलीं. मात्र नवें वाण घेतांना दाणा व कडबा ह्यांबरोबर कोंवळ्या पानाचाही विचार करावा. रब्बीची पेरणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत उरकण्याची घाई खोडमाशीच्या पथ्यावर पडते. उत्तरेच्या अखेरीस किंवा हस्तांत, वाफसा साधून, पेरलेलें बरें.

आतां कापसाकडे वळूं. आपल्या जिल्ह्यांत कापूस थोडा, तरी मिरासदार व उपरी ह्यांच्यांतील फरक कापसाइतका महागांत कोठेंच पडलेला नाहीं. बोंडांत दोन मुख्य अळ्या. हिरवी बोंडअळी ही पक्की उपरी. हरभऱ्यावर तिला आपण घाटे अळी म्हणतों, तुरीवर शेंगा पोखरणारी म्हणतों, टोमॅटोवर फळ पोखरणारी म्हणतों. आहे ती एकच. दीडशेंहून अधिक झाडांवर तिची नोंद आहे. हरभऱ्याची जी आंब आपण फडक्यानें टिपून घेतों, तिच्यांतील आम्लानें तिची वाढ खुंटते, तरी ती हरभरा सोडीत नाहीं. गुलाबी बोंडअळी ही मिरासदार. कापूस हेंच तिचें घर, व क्वचित् भेंडी, अंबाडी हे तिचे पाहुणचाराचे ठाव.

सन २००२ मध्यें बी.टी. कापूस आला व सन २००६ मध्यें दोन विषें असलेला त्याचा दुसरा अवतार आला. थोड्याच वर्षांत जिकडे तिकडे तोच कापूस झाला. आतां विचार करावा. लाखांत एखादी अळी त्या विषांतून वांचते. हिरव्या अळीच्या बाबतींत अशा वांचलेल्या पतंगास जोडीदार मिळतो तो बहुधा तुरीवर किंवा हरभऱ्यावर वाढलेला, ज्यानें तें विष कधीं पाहिलेंच नाहीं. त्यामुळें विष सोसण्याचा गुण पातळ होत राहतो. गुलाबी अळीस असा बाहेरचा जोडीदार नाहीं. तिचें सारें गोत कापसांतच, आणि कापूस सगळा बी.टी. वांचलेल्याची गांठ वांचलेल्याशींच पडते. गुजरातेंत पहिल्या विषाला, मग दुसऱ्या विषालाही ती पुरून उरली, व सन २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांतील कापसाच्या डोमकळ्या व किडकीं बोंडें सर्वांनीं पाहिलीं. हिरव्या अळीपासून मात्र त्याच कापसाचें पुष्कळ अंशीं रक्षण होत होतें. बियाण्याबरोबर बिनबी.टी. बियाण्याची जी लहान पुडी मिळे, ती बांधाकडेनें पेरण्याचा नियम ह्याच कारणासाठीं होता. कितीजणांनीं ती बांधावर फेंकून दिली हें ज्याचें त्यास ठाऊक. फरदड ठेवण्याची चालही गुलाबी अळीच्याच सोयीची. डिसेंबरांत कापूस मोडला तर तिला पुढील पावसाळ्यापर्यंत खाण्यास कांहीं नसतें. मार्चपर्यंत झाडें उभीं ठेवलीं तर आपणच तिचा उपास मोडतों.

उपरी म्हणून हिरवी अळी गरीब आहे असें मात्र कोणीं समजूं नये. शंभर झाडांचीं निरनिराळीं विषें पचविण्याची जिला संवय, तिला फवाऱ्याचें विष हें एकशेंएकावें. सन १९८७ मध्यें आंध्रांतील कापसावर तिनें पायरेथ्रॉइड वर्गाच्या औषधांस मुळींच जुमानलें नाहीं व पीक हातचें गेलें. तिच्या बाबतींत एका शेतकऱ्यानें एकट्यानें पीक बदलून फारसें साधत नाहीं. तुरीवरून हरभऱ्यावर, हरभऱ्यावरून टोमॅटोवर तिचा मुक्काम हलतच राहतो. तिच्यासाठीं शेतांत पक्ष्यांना बसण्यास मचाण, तुरीच्या शेंड्यांवरील अंड्यांवर नजर, आणि औषध द्यावेंच लागलें तर अळी लहान असतांना व दर वेळीं निराळ्या वर्गाचें, हाच मार्ग. मिरासदार किडीची तऱ्हा उलटी. तिचें घर एक, म्हणून घर बंद करतां येतें.

बोरीच्या बागाइतदारास हें विशेष लागू आहे. गळलेलीं व किडकीं बोरें झाडाखालीं पडूं देऊं नयेत. तीं रोज वेंचून खोल खड्ड्यांत पुरावीं किंवा जाळावीं. उकिरड्यावर टाकल्यास अळी तेथूनही मातींत उतरते. हंगाम संपून छाटणी झाल्यावर उन्हाळ्यांत झाडाखालची माती दोन-तीनदां खणून किंवा कुळवून उघडी करावी, म्हणजे कोश उन्हानें व पांखरांच्या चोंचीनें मरतात. बागेच्या कडेची रानबोर हा मोठा चोरमार्ग आहे. मालकाच्या झाडांवर कितीही मेहनत केली तरी बांधावरच्या बिनवारशी बोरींत माशीची पिढी निर्वेध वाढते. बांध सामाईक असल्यास शेजाऱ्याशीं बोलून ती काढावी. ती कोणाच्या म्हातारीनें लावलेली असेल, किंवा पोरांच्या खाण्याची म्हणून ठेवावयाची असेल, तर निदान तिच्याखालचीं गळलेलीं बोरें वेंचण्याचें काम त्याच पोरांकडे द्यावें.